सीपरी बाजारातल्या घरांसाठी : आरोग्य विभागाकडून काम कसं करून घ्यावं

पावसाळा ओसरत आला की झाशीच्या गल्ल्यांमध्ये तापाची साथ सुरू होते. एकाच गल्लीतली चार घरं आपापल्या डॉक्टरकडे जातात, रक्त तपासून घेतात, औषधं आणतात आणि माणूस बरा झाला की विषय संपतो. चौघांनीही आपापल्या घराची नीट काळजी घेतलेली असते. पण हे चार ताप एकाच गल्लीतले आहेत, ही गोष्ट ज्यांना कळायला हवी त्यांना कुणीच सांगितलेली नसते. आठवड्याभरात पाचव्या आणि सहाव्या घरात माणूस अंथरूण धरतो.

सरकारी आरोग्य विभाग म्हणजे फुकटची गोळी आणि लांबलचक रांग, असा आपल्यातल्या पुष्कळांचा समज आहे. सीपरी बाजारातल्या मराठी घरांमध्ये, मग ती पिढ्यान्‌पिढ्या झाशीत असलेली असोत की रेल्वेच्या किंवा फौजेच्या नोकरीमुळे आलेली, हा समज मी वारंवार ऐकतो. पण आजाऱ्याला बरं करणं हे या विभागाचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं काम म्हणजे आजार पुढच्या घरी जाण्याआधी त्याला अडवणं. त्यासाठी औषधाच्याही आधी एक गोष्ट लागते : खबर. ती आपल्याच घरातून निघते. म्हणून हा लेख कोणती खबर कुणाला, कधी आणि कशी द्यायची आणि बदल्यात काय मागायचं याबद्दल आहे.

कुणाचं काम कुणाकडे

मुंबई, पुणे किंवा नागपूरहून आलेल्या माणसाची पहिली गफलत इथेच होते. तिकडे दवाखाना, धूरफवारणी, जन्मदाखला, सगळं महापालिकेच्या एकाच आरोग्य खात्याकडे असतं. उत्तर प्रदेशात ही कामं विभागलेली आहेत. चुकीच्या दारात गेलं की ‘ये हमारे यहाँ का काम नहीं’ ऐकून परत यावं लागतं.

मुख्य चिकित्सा अधिकारी, म्हणजे सीएमओ, हे जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेचे प्रमुख. शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रं, आशा कार्यकर्त्या आणि एएनएम (आरोग्य सेविका), लसीकरण, क्षयरोग, मलेरिया-डेंग्यूची तपासणी, साथींवरची पाळत हे सारं त्यांच्याकडे. मलेरियासाठी जिल्हा मलेरिया अधिकारी असतो आणि तो त्याच यंत्रणेचा भाग आहे.

नगर निगमकडे नाल्या, कचरा, फॉगिंग, मोकाट कुत्री आणि जन्म-मृत्यूची नोंद. तिथे नगर स्वास्थ्य अधिकाऱ्याकडे जायचं. नळाच्या पाण्यासाठी जल संस्थान. भेसळ, उघड्यावरचं अन्न, मुदत संपलेली पाकिटं यासाठी खाद्य सुरक्षा एवं औषधि प्रशासन.

सीपरी बाजार रेल्वे स्टेशनच्या पलीकडच्या अंगाला असल्यामुळे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. रेल्वे कॉलनीतली नाली, तिथली टाकी आणि तिथलं पाणी यांची जबाबदारी रेल्वेची असते. तिचे स्वतःचे आरोग्य निरीक्षक असतात. छावणीच्या हद्दीत छावणी परिषद बघते. तक्रार करण्याआधी ‘ही जागा कुणाच्या हद्दीत?’ एवढा प्रश्न पार्षदाला (नगरसेवकाला) विचारून घेतला की दोन हेलपाटे वाचतात. डासाला मात्र हद्द कळत नाही. रेल्वेच्या क्वार्टरमागे साचलेल्या पाण्यातला डास निगमच्या गल्लीत येतो, म्हणून अशा सीमेवरच्या जागेसाठी दोन्हीकडे अर्ज द्यावा.

खबर वर कशी जाते

देशात २००४पासून रोगांवर पाळत ठेवणारी एक यंत्रणा आहे. तिची रचना साधी आहे. आरोग्य सेविका लक्षणांवरून नोंद करते, डॉक्टर निदानाच्या अंदाजावरून करतो आणि प्रयोगशाळा तपासणीच्या निकालावरून. या तिन्ही नोंदी जिल्ह्याच्या पाळत कक्षात एकत्र येतात. पूर्वी त्या आठवड्याने कागदावर जात. २०२१पासून त्या एका राष्ट्रीय संगणक व्यवस्थेत भरल्या जातात. एखाद्या वस्तीत नेहमीपेक्षा जास्त रुग्ण दिसले की शीघ्र प्रतिसाद पथक पाठवायचं असतं. ते घरोघर विचारपूस करतं, रक्ताचे आणि पाण्याचे नमुने घेतं, साचलेलं पाणी शोधतं.

यात एक मोठं भगदाड आहे. आपण जातो त्या खाजगी डॉक्टरने आणि लॅबने नोंद पाठवली नाही, तर आपला ताप सरकारदरबारी घडलेलाच नसतो. पथक येतं ते आकड्यांच्या मागे, आणि आकड्यात आपली गल्ली नसते.

हे भगदाड बुजवणं आपल्या हातात आहे. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, कावीळ किंवा क्षयरोग असं निदान झालं की डॉक्टरला नम्रपणे विचारा, ‘याची सूचना सीएमओ कार्यालयात गेली का?’ शिवाय आपल्या वॉर्डातल्या आशा दीदीला स्वतः सांगा. तिचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असायला हवा. नसेल तर जवळच्या शहरी आरोग्य केंद्रात विचारा. कोणत्या गल्लीला कोणती आशा, हे तिथे माहीत असतं.

कळवण्याची वेळ कधी आली, हे ओळखायला एक ढोबळ नियम पुरतो. आठ-दहा दिवसांत शेजारच्या घरांमध्ये तीन किंवा अधिक जणांना सारखाच ताप, सारखेच जुलाब किंवा सारखीच कावीळ झाली, तर त्याच दिवशी कळवा. एका जेवणानंतर दोघांना उलट्या झाल्या, तरी कळवा. शाळकरी मुलाच्या अंगावर ताप आणि पुरळ एकदम आलं, तर एकच रुग्ण पुरे. गोवर असेल तर पुढचं मूल वाचवायला वेळ थोडा असतो.

ताप : कूलरपासून सुरुवात

झाशीचा उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. जूनअखेर पाऊस येतो, कूलर बंद होतो आणि त्याच्या तळाशी चार बोटं पाणी तसंच राहतं. डेंग्यूच्या डासाला याहून चांगली जागा नको. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी काढायचं, हा नियम.

पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. या डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीवर अंडी चिकटवते आणि ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. पुढच्या पावसाचं पाणी लागलं की अळ्या बाहेर येतात. त्यामुळे कूलरच्या आतल्या बाजू ब्रशने घासून काढा, पुसून कोरड्या करा आणि हंगाम संपला की तो उलटा करून ठेवा. घासण्याआधी टॉर्च मारून बघा. पाण्याच्या पृष्ठभागाला तिरप्या, डोकं खाली करून लोंबकळणाऱ्या आणि सावली पडताच वळवळत तळाला जाणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या डेंग्यूच्या डासाच्या असू शकतात. मलेरियाच्या डासाच्या अळ्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या असतात. पाहणीला आलेली माणसंही हेच बघतात. शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या, यावरून त्या वस्तीचा धोका ठरवला जातो. कूलरखेरीज फ्रीजच्या मागचा ट्रे, गच्चीवरची उघडी टाकी, पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं, जुने टायर आणि कुंडीखालची ताटली, एवढ्या पाच जागा तपासा.

फॉगिंगची गाडी आली की लोकांना हायसं वाटतं. तिचा उपयोग आहे, पण मर्यादित. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि चार दिवसांनी पुन्हा डास होतात. म्हणून नगर निगमकडे फॉगिंग मागताना नालीत आणि साचलेल्या पाण्यात अळीनाशक टाकण्याचीही मागणी करा. दोन्ही वेगळी कामं आहेत आणि दोन्ही मागायची.

ताप आलाच तर तीन गोष्टी. पहिली : मलेरियाची तपासणी प्रत्येक तापात करून घ्या. सरकारी केंद्रात ती मोफत होते. दुसरी : ताप उतरवायला पॅरासिटामॉल तेवढं घ्या. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिसरी : डेंग्यूत खरा धोक्याचा काळ बहुधा ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत येतो. नेमकं तेव्हाच घरचे निर्धास्त होतात. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, माणूस सुस्त किंवा बेचैन होणं यातलं एक जरी दिसलं तर १०८ला फोन करा. पत्ता सांगताना नुसतं ‘सीपरी बाजार’ म्हणू नका. गल्लीच्या तोंडाशी असलेली ठळक खूण सांगा आणि घरातलं एक माणूस तिथे उभं करा.

डेंग्यूची कार्ड चाचणी खाजगी लॅबमध्ये झटपट होते, पण सरकारी निदान एलायझा चाचणीवर ठरतं. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस१ आणि त्यानंतर आयजीएम बघतात. जिल्हा रुग्णालय किंवा कानपूर रोडवरचं महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज इथे एलायझाबद्दल विचारा. त्यावर आपला रुग्ण अधिकृत नोंदीत येतो आणि गल्लीत पथक येण्याची वाट मोकळी होते.

नळाचं पाणी

बुंदेलखंडात पाणी मुळातच तोलूनमापून येतं. झाशीला माताटिला धरणाचं पाणी मिळतं आणि तेही ठरावीक वेळेपुरतं. नळाला पाणी नसतं तेव्हा पाइपातला दाब जातो. मग फुटक्या सांध्यातून आजूबाजूच्या नालीतलं पाणी आत ओढलं जातं. थेट लाइनला टुल्लू पंप जोडणारं घर ही ओढ आणखी वाढवतं आणि ती घाण शेजाऱ्यांसह स्वतःच्या टाकीतही येते. म्हणून पाणी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं भरू नका, आणि टुल्लू लाइनवर न लावता जमिनीतल्या टाकीवर लावा.

पाणी शुद्ध आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. विचारायचा प्रश्न एकच : ‘नळाच्या तोंडाशी क्लोरीन किती आहे?’ भारतीय मानकानुसार ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. जल संस्थानचा किंवा आरोग्य विभागाचा माणूस पाण्यात द्रावणाचे थेंब टाकून रंगावरून ते तिथल्या तिथे बघू शकतो. जंतूंसाठी छोट्या बाटलीची चाचणीही असते. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर एक-दोन दिवसांत बाटलीतलं पाणी काळं पडतं. गल्लीत जुलाब किंवा कावीळ सुरू झाली असेल तर अर्जात ‘पाण्याचा नमुना घ्यावा’ असं स्पष्ट लिहा. नमुना टाकीतून न घेता थेट नळावरून घेतला जातोय, हे उभं राहून बघा. तोवर पाणी खळखळून उकळा, किंवा आशा दीदीकडे क्लोरीनच्या गोळ्या मागा.

लहान मुलाला जुलाब लागले तर ओआरएस लगेच सुरू करा आणि झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण द्या. जुलाब थांबले तरी झिंक थांबवू नका. दोन्ही सरकारी केंद्रात मोफत मिळतात. मूल पाणी ठेवत नसेल, डोळे खोल गेले असतील किंवा शौचात रक्त असेल, तर घरी थांबू नका.

कुत्रा चावला तर

रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही, हे लक्षात ठेवूनच वागावं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटंही पंधरा वाटतात. हळद, चुना, तिखट, तेल यातलं काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्या. दंडात त्वचेत दिली जाणारी लस असेल तर चार फेऱ्या होतात : पहिला दिवस हा शून्य धरून ०, ३, ७ आणि २८. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते विसरून चालत नाही. ‘घरचंच कुत्रं होतं’, ‘नुसतं ओरखडलं’ ही कारणं सांगून लस टाळू नका.

नगर निगमकडे तक्रार करताना ‘कुत्री उचलून न्या’ असं लिहिलं तर बहुधा काही होत नाही. नियमाप्रमाणे कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला त्याच भागात परत सोडायचं असतं. म्हणून मागणीही तशीच लिहा : अमुक गल्लीतल्या अमुक कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस. पिसाळलेलं कुत्रं दिसलं तर ते मात्र वेगळं आणि तातडीने कळवा.

खोकला दोन आठवडे

झाशीच्या आसपास दगडाच्या खाणी आणि क्रशर आहेत. तिथल्या धुळीने फुप्फुस पोखरलं की क्षयरोग लवकर पकडतो. पण क्षयरोग फक्त मजुरांच्या वस्तीत होतो, हा भ्रम आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं यातलं काहीही असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या.

क्षयरोगाची सूचना सरकारला देणं खाजगी डॉक्टरवर २०१२पासून बंधनकारक आहे. ही सूचना गेली की खाजगी रुग्णालाही सरकारी औषधं मोफत मिळू शकतात आणि पोषणासाठी महिन्याला पैसे थेट बँक खात्यात येतात. २०१८ला ही रक्कम ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४पासून ती १,००० रुपये आहे. म्हणजे नोंद लपवण्यात रुग्णाचंच नुकसान आहे. घरातल्या बाकीच्यांची तपासणी आणि गरज असेल तर प्रतिबंधक औषध, हाही त्या घराचा हक्क आहे. औषध साधारण सहा महिने चालतं आणि दोन महिन्यांत माणसाला बरं वाटू लागतं. तिथेच सोडलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मुलीच्या लग्नात अडचण येईल, म्हणून आजार लपवणारी घरं आपल्यात आहेत. त्यांना मी एवढंच सांगेन की नीट उपचार सुरू झाल्यावर क्षयरोगी बहुतेक वेळा काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण देईनासा होतो. धोका असतो तो लपवलेल्या रुग्णाचा. माहितीसाठी निक्षय हेल्पलाइन आहे : १८००-११-६६६६.

बाळ-बाळंतीण आणि लस

गरोदरपण लक्षात येताच एएनएमकडे नोंद करा आणि जच्चा-बच्चा कार्ड घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांमध्ये डॉक्टरकडून गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधं, रक्त आणि जेवण मोफत आहे. ने-आण करायला १०२ची गाडी आहे.

लसीचे दिवस उत्तर प्रदेशात साधारणपणे बुधवार आणि शनिवार. जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि २४ तासांच्या आत कावीळ-ब. मग ६, १० आणि १४ आठवडे. ९ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेला, दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत. पाच-सहा वर्षांचा डोस आणि १० व १६ वर्षांचे डोस हमखास राहून जातात, कारण तोवर कार्ड सापडत नसतं. सुट्टीत मूल नाशिकला आजीकडे असेल आणि डोसची तारीख आली, तर तिथल्या सरकारी केंद्रातही तो मिळतो. कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा.

दार वाजलं तर

एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये उत्तर प्रदेशात संचारी रोग नियंत्रण अभियान आणि त्यासोबत दस्तक अभियान होतं. आशा आणि अंगणवाडी कार्यकर्त्या घरोघर येतात. ताप कुणाला आहे का, जुना खोकला कुणाला, कुपोषित मूल आहे का, एवढं विचारतात. पुष्कळ घरांतून आतूनच उत्तर येतं, ‘सब ठीक है.’ दारही उघडलं जात नाही.

दार उघडा. पोलिओ या देशातून गेला तो अशाच दारांमधून. पोलिओच्या दिवसांत पथक प्रत्येक घरावर खडूने खूण करायचं. सगळ्या मुलांना डोस मिळालेल्या घरावर ‘पी’. मूल गावाला गेलेलं किंवा घरच्यांनी नकार दिलेला असेल तर ‘एक्स’. मग ‘एक्स’च्या घरी पुन्हा, आणि गरज पडली तर त्यानंतरही पुन्हा जायचं. पोलिओ सर्वांत चिवटपणे टिकून राहिला त्या राज्यांपैकी उत्तर प्रदेश एक होतं. तिथला शेवटचा रुग्ण २०१०मधला आणि देशातला शेवटचा जानेवारी २०११मधला. २७ मार्च २०१४ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या खडूच्या खुणेवर विश्वास ठेवून ज्यांनी मूल बाहेर आणलं, त्या आयांचा त्यात मोठा वाटा आहे.

विश्वास तुटला की काय होतं, हे मराठी माणसाला सांगायला नको. १८९७च्या पुण्यातल्या प्लेगमध्ये प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली सैनिक घरांत घुसले, माणसं ओढून नेली, सामान फेकलं. लोक रुग्ण लपवू लागले आणि लपवलेल्या रुग्णामुळे रोग पसरतो. त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ला गेल्या. दोन्ही गोष्टी एकाच शहरातल्या, एकाच वर्षातल्या. जबरदस्तीने रोग आवरत नाही, आणि पसरलेला रोग सेवा करणारीलाही सोडत नाही. म्हणून आशा दीदीला उन्हातून आल्यावर पाणी विचारा आणि खरं सांगा. आणि कुणी कर्मचारी उद्धटपणे वागला तर तेही लेखी कळवा. आदर दोन्ही बाजूंनी हवा.

जन्म आणि मृत्यूची नोंद

जन्म किंवा मृत्यू २१ दिवसांच्या आत नोंदवला तर दाखल्याची पहिली प्रत मोफत मिळते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क, मग वर्षभरापर्यंत लेखी परवानगी आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे. बाळंतपणासाठी माहेरी महाराष्ट्रात गेलेल्या मुलीच्या बाळाची नोंद तिथेच होते, झाशीत होत नाही. नावाचं स्पेलिंग जागेवरच तपासून घ्या. घरी मृत्यू झाला तरी डॉक्टरकडून कारणाचं प्रमाणपत्र घ्या. कोणत्या वॉर्डात माणसं कशाने जातात, हे विभागाला याच कागदावरून कळतं.

उन्हाळा

मे-जूनमध्ये झाशीचा पारा ४५च्या वर जातो. बारा ते चार बाहेर पडायचं टाळा. उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापलं, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घाला, मान आणि काखेत बर्फ ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दुपारी एक फोन करणं, हे शेजाऱ्यांनी वाटून घ्यावं. वृद्धांच्या उपचारांचीही एक सोय आहे : ७० किंवा त्याहून अधिक वयाच्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही. योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात आणि ते कार्ड महाराष्ट्रातही चालतं. रेल्वेसारख्या सरकारी आरोग्य योजनेत असलेल्या निवृत्तांना मात्र ती योजना किंवा हे कार्ड, यातलं एक निवडावं लागतं.

तक्रार लिहिण्याची रीत

‘परिसरात फार घाण आहे, कृपया लक्ष द्यावे’ या वाक्यावर कुणीही काहीही करू शकत नाही. अर्जात पाच गोष्टी हव्यात : जागा, तारीख, संख्या, मागणी आणि संपर्क. झाशीत अर्ज हिंदीत द्या. मजकूर साधारण असा असावा :

‘आमच्या गल्लीत (वॉर्ड क्रमांक, जवळची खूण) गेल्या १० दिवसांत ५ घरांतल्या ७ जणांना ताप आला. दोघांच्या चाचणीत डेंग्यू निघाला असून अहवाल सोबत जोडले आहेत. गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटमध्ये पाणी साचून अळ्या झाल्या आहेत. घरोघर तपासणी, अळीनाशक फवारणी आणि प्लॉटमालकाला नोटीस, या तीन गोष्टी कराव्यात.’

खाली चार-पाच घरांच्या सह्या. एक प्रत सीएमओ कार्यालयात, एक नगर निगममध्ये, एक पार्षदाकडे. आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या; शिक्क्याशिवाय अर्ज दिल्याचा पुरावा राहत नाही. आठवड्यात हालचाल झाली नाही तर मुख्यमंत्री हेल्पलाइन १०७६वर किंवा जनसुनवाई पोर्टलवर नोंदवा आणि मिळालेला क्रमांक जपून ठेवा. पुढची पायरी माहितीचा अधिकार. ‘अमुक अर्जावर काय कारवाई झाली’ या प्रश्नाला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि काम झालं तर त्याच कार्यालयात दोन ओळींचं आभारपत्र द्या. पुढच्या वेळी आपली गल्ली त्यांच्या लक्षात राहते.

साधी चौकशी करायची असेल तर दर रविवारी प्राथमिक आरोग्य केंद्रांवर मुख्यमंत्री आरोग्य मेळा भरतो. नोकरदारांना रविवार सोयीचा. मन खचलं असेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानस १४४१६वर बोलता येतं.

एका गल्लीची एक वही

या सगळ्याचा भार एका माणसावर पडला तर तो चार महिन्यांत थकतो. म्हणून माझी सूचना गणेशोत्सव मंडळांना आहे. गणपती भाद्रपदात येतात आणि डेंग्यूचा जोरही त्याच सुमारास वाढू लागतो. वर्गणीसाठी आपण घरोघर जातोच. त्याच फेरीत टॉर्च सोबत न्या, घरच्यांना विचारून कूलर आणि टाकी बघा. एका वहीत गल्लीवार लिहा : कुठे अळ्या सापडल्या, कुठे ताप आहे, कोणत्या बाळाचा डोस राहिला, कोण वृद्ध एकटं राहतं. वहीतली आजाराची नोंद चारचौघांत वाचू नका. ती फक्त आशा दीदी आणि आरोग्य केंद्रापुरती. विसर्जनानंतर वही बंद करू नका. दर महिन्याला एक घर ती सांभाळेल, अशी पाळी लावा.

सरकारी माणसं कमी आहेत, वस्ती मोठी आहे, आणि हे लवकर बदलेल अशी चिन्हं नाहीत. पण अशी वही असलेल्या गल्लीला विभाग टाळू शकत नाही, कारण ती नेमक्या जागेची आणि नेमक्या आकड्यांची मागणी करते. या आठवड्यात तीन कामं करा. आशा दीदीचा नंबर फोनमध्ये घ्या, घरातला कूलर घासून उलटा ठेवा किंवा चालू असेल तर रविवार धरून पाणी बदला, आणि शेजारच्या दोन घरी विचारा की कुणाला ताप आहे का. असेल तर आजच कळवा.